गॅस की डिझेल? पाऊण टनी ट्रक, फिफ्थ व्हील आणि कोलोरॅडोचे घाट

माळावरचा (प्लेनो, टेक्सस)

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात मी नोकरीतून मोकळा होतोय. मुलं आपापल्या गावी मार्गी लागली आहेत, आणि आम्हा दोघांना आता गाडीच्या मागे घर लावून फिरायचं आहे. ट्रेलर जवळजवळ पक्का झालाय: तीस फुटांचा फिफ्थ व्हील, म्हणजे पुढचं टोक ट्रकच्या हौद्यात टेकणारा ट्रेलर, रिकामा साधारण ९,००० पौंड, भरल्यावरची कमाल मर्यादा १२,००० पौंड. जूनमध्ये इथल्या भट्टीतून निघायचं, २८७ नंबरच्या रस्त्याने अमरिलो, मग रॅटन पास, वॉल्सनबर्ग, आणि वुल्फ क्रीक पास उतरून पागोसा स्प्रिंग्ज. थंडीची चाहूल लागली की परत.

प्रश्न ट्रकचा आहे. फोर्ड एफ-२५०, शेवी सिल्व्हराडो २५०० एचडी आणि रॅम २५००, तिन्ही पाऊण टनी (हे नुसतं वर्गाचं नाव), पाहून झाले. प्रत्येकात गॅस, म्हणजे पेट्रोलचं इंजिन मिळतं आणि डिझेलचंही. फोर्डचं ७.३ लिटर गॅस ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पौंड-फूट टॉर्कचं, तर ६.७ पॉवरस्ट्रोक डिझेल ४७५ आणि १,०५० चं. शेवीचं ६.६ गॅस ४०१ आणि ४६४, ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५. रॅमचं ६.४ हेमी ४०५ आणि ४२९, कमिन्स ४३० आणि १,०७५. टॉर्क दुपटीहून जास्त! शोरूममधला माणूस म्हणतो डिझेलशिवाय विचारच करू नका. शेजारचे गृहस्थ वर्षानुवर्षं गॅसवर ट्रेलर ओढतात, ते म्हणतात पैसे वाचवा. फरक दहा हजार डॉलरच्या आसपास आहे.

वर्षातले उरलेले सात-आठ महिने हा ट्रक घराजवळच फिरेल. किराणा, लाकूडसामान, आणि गणपतीत मंडळाच्या मखराची ने-आण. सगळं मिळून वर्षाला १२,००० मैल धरा, त्यातले ४,००० ट्रेलरसकट.

ज्यांनी खरोखर ओढलंय त्यांनी सांगा.

देशावरचा (टूसॉन, ॲरिझोना)

डिझेल. वुल्फ क्रीक हे नाव वाचलं तिथेच माझं उत्तर ठरलं.

मी आधी गॅस आणि नंतर डिझेल, दोन्हींवर ट्रेलर ओढलाय. चढाचं बोलायला सगळ्यांना आवडतं, मी उताराचं बोलतो. वुल्फ क्रीकचा माथा १०,८५७ फुटांवर आहे, आणि पागोसाच्या बाजूला जवळजवळ ७ टक्क्यांचा उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे वाळूचे चढे पट्टे बांधून ठेवलेत, ते उगाच नाहीत. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबलं की टर्बोची पाती मिटतात, धुराची वाट अडते आणि इंजिनच गाडी धरून ठेवतं. पूर्ण उतारात मला ब्रेकच्या पेडलवर पाय क्वचितच ठेवावा लागतो. शेजारी बसलेली बायको शांतपणे खिडकीबाहेर बघत असते, आणि मला या खर्चाचं याहून मोठं कारण लागत नाही.

निवृत्तीनंतरचा प्रवास आहे. दहा हजारांसाठी जिवाला घोर लावून घेऊ नका.

हिमगौरी (सेंट क्लाउड, मिनेसोटा)

देशावरचा यांचं उताराबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण माळावरचा, तुमच्या लेखातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: सात-आठ महिने घराजवळ.

आमच्याकडे डिझेल होतं. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे. माझं काम घरापासून चार मैलांवर. हिवाळ्यात इंजिन गरम होईतो मी पोचलेली असायचे. २००७ पासूनच्या डिझेल ट्रकांना धुरातली काजळी धरायला डीपीएफ नावाची गाळणी असते. चुलीच्या धुराड्यासारखंच आहे: काजळी साचत जाते आणि ती अधूनमधून जाळून काढावी लागते. ट्रक ते स्वतःच करतो, त्याला रीजेन म्हणतात, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापलेलं हवं आणि ट्रक वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर सलग पळायला हवा. माझ्या चार मैलांत रीजेन सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर तुटायचं. मग दिवा, मग गॅरेज, मग बिल. गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, ताई, ट्रकमध्ये दोष नाही, तुमच्या रस्त्यात आहे.

शिवाय डीईएफचं पाणी, म्हणजे धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत भरावं लागणारं द्रावण. ३२.५ टक्के युरिया असतो त्यात, आणि ते उणे ११ अंशांना गोठतं. टाकीला हीटर असतो, त्यामुळे ट्रक चालतो, पण गॅरेजमध्ये ठेवलेले डबे दगड होतात. डिझेलही थंडीत घट्ट होतं, म्हणून इथे रात्री ब्लॉक हीटर लावून ठेवायचा. प्लेनोत हे थंडीचं दुखणं नाही, पण किराण्याच्या फेऱ्यांचं आहेच.

आता आमच्याकडे गॅस आहे. घोड्यांचा ट्रेलर ओढते, आणि एरवी मला तिचा विचारही करावा लागत नाही.

कोलंबसकर (कोलंबस, इंडियाना)

आधी सांगून टाकतो: पुण्यात कोथरूडला कमिन्सच्या कारखान्यात सुरुवात केली, नंतर इकडे आलो, आयुष्य डिझेल इंजिनांवर गेलं. माझं प्रेम कुठे आहे ते उघड आहे. तरीही इंजिनाचा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

पहिला प्रश्न असा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो. त्यावर 'माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको' असा आकडा असतो. तुम्ही पाहिलेल्या ट्रकांवर तो किती होता? माहितीपत्रकातला नको, त्या विशिष्ट ट्रकच्या दारावरचा हवा. सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीटा, सगळं त्यातूनच वजा होत असतं.

माळावरचा

कोलंबसकर, आज मुद्दाम जाऊन फोटो काढून आणले. दोन्ही एफ-२५०, चार दारांच्या, फोर बाय फोर. गॅसवर तीन हजारांच्या थोडं वर. डिझेलवर तेवीसशेच्या आसपास. मला वाटत होतं डिझेल जास्त दमदार म्हणजे वजनही जास्त पेलणार. हे उलटं कसं?

कोलंबसकर

उलटं नाही, वजाबाकी आहे. पाऊण टनी ट्रकचं एकूण मान्य वजन बहुधा १०,००० पौंडांच्या जवळ ठेवलेलं असतं, कारण त्यापुढे वाहनाचा वर्ग बदलतो. काही राज्यांत नोंदणी महागते, आणि धंद्याला वापरलात तर वेगळे नियम लागतात. मर्यादा ठरलेली, आणि डिझेल इंजिन म्हणजे जाडजूड ब्लॉक, टर्बो, इंटरकूलर, गाळण्या, डीईएफची टाकी. हे काही शे पौंड जास्तीचे ट्रक आधीच स्वतःच्या अंगावर घेऊन उभा असतो. ओढायची ताकद वाढली, पाठीवर घ्यायची कमी झाली.

आणि फिफ्थ व्हीलचं तर वजन पाठीवरच येतं. बंपरला लावायच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन ट्रकवर पडतं, फिफ्थ व्हीलचं २० टक्के धरून चला, कधी त्याहूनही जास्त. तुमचा ट्रेलर सामान भरून १०,५०० चा झाला तर २,१०० पौंड फक्त पिनचे, म्हणजे हौद्यात टेकणाऱ्या टोकाचे. हिच, म्हणजे ट्रकमधली जोडणी, दीड-दोनशे. तुम्ही दोघं साडेतीनशे. मागच्या सीटवरच्या वस्तू, अवजारांची पेटी, पाण्याचे कॅन मिळून दोनशे. झाले २,८०० च्या वर.

गॅसची एफ-२५० यात कशीबशी बसते. डिझेलची बसत नाही. १,०५० चा टॉर्क असूनही बसत नाही. डिझेलच हवं असेल तर वरच्या वर्गातली, एक टनी घ्या, एफ-३५० किंवा ३५००. किमतीत फार फरक नसतो, आणि चारच चाकांची मिळते, मागे जोडचाकं असलीच पाहिजेत असं नाही.

शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मागचे टायर आणि आस कुठल्या वजनाखाली आहेत हे घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

देशावरचा

याला माझा पूर्ण पाठिंबा. मी एक टनी गृहीत धरून बोललो होतो, ते लिहायला हवं होतं. माझी ३५०० आहे.

कृष्णाकाठ (तासगाव)

मी इकडून वाचतोय, ट्रेलरचा अनुभव नाही. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात बोलेरो पिकअप चालते. डिझेल, सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर, दीड टन माल टाकून खंबाटकी चढते. तुमच्याकडे ४३० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन घाटात कमी पडेल अशी चर्चा चालू आहे. मनापासून विचारतो, एवढी ताकद जाते कुठे?

कोलंबसकर

कृष्णाकाठ, फार चांगला प्रश्न विचारलात, कारण याचं उत्तर कळलं की गॅस-डिझेल वादातला अर्धा धूर निघून जातो.

ताकद तीन ठिकाणी जाते: वजन वर उचलायला, हवा बाजूला सारायला, आणि या दोन्ही गोष्टी वेगात करायला. तुमची बोलेरो भरून तीन टनांच्या आसपास, आणि ती खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढते. सावकाश चढायला ताकद कमीच लागते. माळावरचा यांचा ट्रक आणि ट्रेलर मिळून १८,००० पौंड, म्हणजे आठ टनांहून जास्त. पुढून पाहिलं तर बारा-तेरा फूट उंचीची भिंत. आणि ती महामार्गाच्या वेगाने न्यायची आहे.

वुल्फ क्रीकचा आकडा मांडतो. चढ ६.८ टक्के धरला तर नुसतं वजन मागे खेचतं १,२२४ पौंडांनी. टायरांचं घर्षण आणखी दोनशेच्या वर. ताशी ४५ मैलांना हवेचा अडथळा पावणेतीनशेच्या घरात. हे सगळं ४५ मैलांनी रेटायला चाकांवर साधारण २०५ हॉर्सपॉवर लागतात. तेच ६० मैलांनी न्यायचं म्हटलं तर ३१० च्या आसपास. वेग एक तृतीयांशाने वाढला, ताकद दीडपट लागली.

आता इंजिनाकडे या. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. माथ्याजवळ ७.३ गॅसचे ४३० हॉर्सपॉवर ३०० वर येतात, आणि गिअरबॉक्स-ॲक्सलमधला तोटा वजा केला की चाकांवर २५५ च्या आसपास. म्हणजे ४५ ने आरामात, ५० नेही जाल, ६० ने नाही. डिझेलचा टर्बो विरळ हवा दाबून भरतो, त्यामुळे उंचीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. चाकांवर ४०० च्या आसपास उरतात. ते ६० ने जाईल.

टॉर्कचंही सांगतो. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनाचे मिनिटाचे फेरे भागिले ५,२५२. डिझेल आपला मोठा टॉर्क १,६०० ते १,८०० फेऱ्यांना देतं. गॅसला तेवढंच काम करायला ४,५०० ते ५,००० फेरे घ्यावे लागतात. दहा गिअरचा बॉक्स ते आपोआप करतो. काम होतं, पण आवाज होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं इंजिन फुटेल. फुटत नाही. ते त्यासाठीच बनवलंय: लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, साधी रचना.

ट्रकच्या ओढण्याच्या क्षमतेची जी एसएई जे२८०७ चाचणी आहे, तिच्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ असतो. अकरा मैलांहून लांब, एसी चालू ठेवून, आणि चारचाकी ट्रकने ताशी ४० मैलांखाली यायचं नाही. गॅसचे ट्रकही आपापल्या मर्यादेचं वजन घेऊन हीच चाचणी देतात.

देशावरचा

आकडे पटले. पण ताशी ४५ ने आठ मैल, इंजिन ४,८०० फेऱ्यांवर ओरडतंय, मागे गाड्यांची रांग, हे सोसून बघा आणि मग बोला. माणूस दमतो. डिझेलवर मी बोलत बोलत चढतो. हे आकड्यांत मोजता येत नाही, पण मुक्कामाला पोचल्यावर अंगाला कळतं.

आणि उताराचं काय? त्यावर उत्तर आलं नाही.

कोलंबसकर

उतारात डिझेलच सरस. यात वाद नाही. गॅस इंजिनाला थ्रॉटल बंद झाल्यावर पोकळीचा थोडा रोध मिळतो, आणि टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची सेटिंग, लावला की बॉक्स स्वतः खालचे गिअर घेतो. इंजिन ४,५०० च्या वर ओरडेल आणि धरून ठेवेल. पण एक्झॉस्ट ब्रेकइतकं नाही. तेव्हा गॅसवाल्याने माथ्यावरच, उतार सुरू होण्याआधी, वेग ३५-४० वर आणायचा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. जोरात दाबून दहा मैलांनी वेग उतरवायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचा. ट्रेलरचे विजेचे ब्रेक निघण्याआधी सपाटीवर तपासायचे. हे डिझेलवाल्यालाही लागू आहे, कारण एक्झॉस्ट ब्रेक फक्त ट्रक धरतो, ट्रेलरच्या चाकांना त्याची खबर नसते.

हिशेबनीस (एडिसन, न्यू जर्सी)

कोणी पैशांचं मांडलं नाही म्हणून मी मांडतो. या वजनाच्या ट्रकांना सरकारी मायलेजचं लेबल लागत नाही, त्यामुळे लोक रस्त्यावर जे नोंदवतात तेच धरावं लागतं. गॅस रिकामं गॅलनला १४ मैल, ट्रेलरसकट ८. डिझेल रिकामं १८, ट्रेलरसकट ११. भाव धरू गॅस ३ डॉलर, डिझेल ३ डॉलर ६० सेंट. (नुसता केंद्राचा करच डिझेलवर २४.४ सेंट आणि गॅसवर १८.४ आहे.)

८,००० मैल रिकामे आणि ४,००० ओढत:
गॅस: १,०७१ गॅलन, ३,२१४ डॉलर.
डिझेल: ८०८ गॅलन, २,९१० डॉलर, वर डीईएफचे साठ धरा, २,९७०.

वर्षाची बचत अडीचशे डॉलरही नाही. त्यातून तेल: पॉवरस्ट्रोकला १३ क्वार्ट लागतं, ७.३ गॅसला ८. डिझेलच्या इंधन-गाळण्या वेगळ्या, त्याही स्वस्त नाहीत. बचत तिथेच संपली.

कोणी म्हणेल मी वर्षाला २५,००० मैल ओढतो. त्यालाही इंधनात डीईएफ वजा जाता हजाराच्या आसपासच बचत होते. इंधनावर दहा हजार वसूल करायला दशक लागेल. विकताना डिझेलला जास्त भाव येतो हे खरं, त्यामुळे सगळे दहा हजार बुडाले असं नाही. पण 'मायलेजमध्ये वसूल होईल' हे शोरूमचं वाक्य या भावांना टिकत नाही. डिझेल घ्यायचं तर घाटासाठी घ्या, वजनासाठी घ्या, पैसे वाचवायला घेऊ नका.

रानपाखरू (बेकर्सफिल्ड, कॅलिफोर्निया)

जुनं डिझेल घ्या आणि डीपीएफ, डीईएफ सगळं काढून टाका. डिलीट किट बसवलं की मायलेजही वाढतं आणि हिमगौरी म्हणतात ती कटकटच संपते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी केलंय.

नदीकाठी (सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

रानपाखरू, याला माझा ठाम विरोध आहे, आणि धागा वाचणाऱ्या नव्या माणसाने हा सल्ला घेऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

एक, ते बेकायदा आहे. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढायला क्लीन एअर ॲक्टखाली मनाई आहे, ट्रक तुमचा स्वतःचा असला तरी. आपल्या राज्यात तर १९९८ पासूनच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी आहे. डिलीट केलेला ट्रक तिथे पास होणार नाही आणि विकतानाही अडकेल. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. रॅम ट्रकांच्या इंजिनांमधल्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलर दंड मान्य केला. या कायद्याखालचा तो आजवरचा सर्वांत मोठा नागरी दंड आहे.

दोन, आणि माझ्यासाठी हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही आणि मी ज्या सेंट्रल व्हॅलीत राहतो तिथली हवा देशातल्या सर्वांत वाईट हवांपैकी आहे. माझ्या मुलाला दमा आहे. ती गाळणी जे धरते ते नाहीतर रस्त्यावरच्या मुलांच्या छातीत जातं. गाळणी परवडत नसेल किंवा सांभाळायचा कंटाळा असेल तर गॅस घ्यावं. चांगला, कायदेशीर पर्याय समोर उभा आहे.

कोलंबसकर

नदीकाठी, दंडाचं तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत खरं आहे. या शहरात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते लागलं. डिलीटबद्दल माझंही तेच मत.

जुनं डिझेल घ्यायचंच असेल तर मी तीन गोष्टी बघीन. पहिली, उच्च दाबाचा इंधन पंप कुठला आहे. बॉशचा सीपी४ पंप २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये होता, २०११ पासूनच्या पॉवरस्ट्रोकमध्ये, आणि २०१९-२०२० च्या रॅम-कमिन्समध्येही. तो आतून झिजून तुटला तर धातूचा चुरा इंजेक्टरांपर्यंत सगळीकडे जातो, आणि पूर्ण इंधनयंत्रणा बदलावी लागते. खर्च दहा हजारांच्या घरात जाऊ शकतो. रॅमने ते ट्रक परत बोलावले आणि जुना, भरवशाचा सीपी३ बसवून दिला. २०१७ नंतरच्या ड्युरामॅक्सला डेन्सोचा पंप आहे. दुसरी गोष्ट, इंजिनाचे तास. मैल भागिले तास केलं आणि सरासरी २५ च्या खाली आली तर तो ट्रक बराच वेळ उभ्या जागी चालू राहिलेला आहे, आणि डीपीएफला ते सोसत नाही. तिसरी, गाडीखाली वाकून धुराचा पाइप मूळचाच आहे ना ते पाहणं.

हिमगौरी

एक भर घालते. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर इंजिन चालू करू नका, किल्लीला हातही लावू नका, सरळ टो करून न्या. निळं झाकण डीईएफचं. इथे दोन्ही तोंडं शेजारीशेजारी असतात आणि रात्री पंपावर दमलेला माणूस असतो. घरात दोघं ट्रक चालवणार असतील तर दोघांनीही हे समजून घ्यायला हवं.

माळावरचा

मंडळी, किती आभार मानू. बायकोने सगळे प्रतिसाद वाचले, आणि देशावरचा यांचं उताराचं व हिमगौरी यांचं चार मैलांचं, हे दोन तिने वहीत उतरवून घेतले.

आम्ही असं ठरवतोय: एफ-३५०, मागे एकेकच चाक, ७.३ गॅस. स्टिकर बघून आलो, चार हजारांच्या जवळ आहे. पिन, हिच, आम्ही दोघं, सामान, सगळं धरून वर हजारभर उरतात. टेक्ससमध्ये जोडीचं एकूण मान्य वजन २६,००० पौंडांच्या आत असल्याने साधा सी क्लासचा परवाना चालतो, तेही विचारून घेतलं. दोघांना घाई नाही, वुल्फ क्रीक ताशी ४५ ने चढू. उरलेल्या पैशांत ट्रेलरला चांगले टायर आणि डिस्क ब्रेक बसवायचा विचार आहे.

एकच प्रश्न राहिला. ॲक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे) ३.७३ मिळतंय आणि ४.३० पण. ४.३० घेतलं तर रिकाम्या फेऱ्यांत मायलेज फार पडेल का?

देशावरचा

मी असतो तर डिझेलच घेतलं असतं, आणि उद्या तुम्ही १४,००० चा ट्रेलर घ्यायला निघालात तर पुन्हा तेच सांगीन. पण एक टनी घेताय आणि ब्रेकवर पैसे लावताय, हे ऐकून माझी काळजी मिटली. डिस्क ब्रेक नक्की करा. ट्रेलरवर नेहमीचे ड्रम ब्रेक लांब उतारात तापले की पकड सोडतात, आणि गॅस ट्रकच्या मागे तर डिस्कचा उपयोग दुप्पट.

आणि पागोसाला जाताना पहिल्यांदा तरी सकाळी लवकर माथा ओलांडा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी रोज पाऊस भरून येतो तिथे.

कोलंबसकर

४.३० घ्या. दहा गिअर असल्यामुळे सपाटीवर शेवटचे गिअर फेरे खाली ठेवतात, रिकाम्या गाडीत गॅलनमागे फार तर मैलभराचा फरक. घाटात मात्र दोन्हींमधला फरक स्पष्ट जाणवेल, कारण उंचीवर इंजिन दमलेलं असताना प्रत्येक गिअर थोडा आखूड मिळतो आणि बॉक्सला सतत वरखाली करावं लागत नाही.

ट्रेलर हाती आला की पाणी, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी सगळं भरून, तुम्ही दोघं आत बसून, एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, घ्या. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगळी छापून मिळतात. मग ट्रेलर सोडून फक्त ट्रक पुन्हा चढवा. दोन चिठ्ठ्यांवरच्या ट्रकच्या वजनांतला फरक म्हणजे तुमचं खरं पिनवजन. माझे २,१०० हे अंदाजाचे होते. ते २,४०० निघालं तर पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघा आणि जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या मागे सरकवा, पण पिन १५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ट्रेलर डुलायला लागेल. आकडे आले की इथे टाका, बघू.